मोडनिंबच्या मंडळीचा एपफ्रदीत

रविवार, २९ जानेवारी १९७८. मोडनिंब. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.

वहीला समास आखत बसलो होतो. पट्टी नाही म्हणून आरशाच्या चौकटीची कड धरून आखले. चार पाने सरळ आली, पाचवे तिरके गेले. ते तसेच ठेवले आहे, कारण पान फाडले की मागचे जोडपानही सुटते. वही धोंडप्पा शेठजींनी दिली. त्यांच्या आडत दुकानात मी वजनकाटा बघतो. आता दोन महिने मी काट्यावर नसणार, आणि हे कसे घडले ते लिहून ठेवले नाही तर पुढे माझे मलाच खरे वाटणार नाही.

आज सकाळी उपासनेत आबासाहेबांनी एपफ्रदीताविषयी सांगितले. (आबासाहेब आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येतात, एरवी सगळे आबासाहेबच बघतात.) हे नाव मी आधी कधी ऐकले नव्हते. एपफ्रदीत फिलिप्पै गावच्या मंडळीतला साधा माणूस. पौल रोममध्ये बेड्यांत होता, तेव्हा मंडळीने ह्याच्या हाती देणगी पाठवली, आणि तिथे त्याची सेवाचाकरी करायची म्हणून ह्यालाही पाठवला. शास्त्रात त्याच्याबद्दल जेमतेम काही ओळी आहेत.

मग आबासाहेब म्हणाले, "आपले कुंडलिक गुरुजी सोलापुरात एकले पडल्यात. ह्या गावाला अक्षर त्येंनी शिकवलं, ह्या देवळाची पैली वीट त्येंनी ठिवली. दिवाळीत पाय मोडला. पलिस्तर निघालं, पर माणूस अजून खाटंवरच हाय. फिलिप्पैच्या मंडळीनं माणूस दिला. मोडनिंबची मंडळी देती का न्हाय?"

पुरुष चपलांकडे बघू लागले, बायका पुरुषांकडे. तेवढ्यात वारा सुटला आणि उत्तरेची खिडकी धाडकन आपटली. तिची कडी तुटलेली आहे, सुतळी बांधावी लागते, आणि ते काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. मी उठलो.

"देवानं माणूस उभा केला!" आबासाहेब ओरडले.

मी म्हणालो, "खिडकी." पण ढोलकी सुरू झाली होती. गीत संपेपर्यंत आई रडून घेऊन हसायलाही लागली होती. खिडकी शेवटपर्यंत आपटतच राहिली.

माझी शाळा नववीत सुटली. मी घराबाहेर कधी राहिलेलो नाही. दुसऱ्याचे दुखणे बघितले की मी तोंड फिरवतो. हे सगळे सांगायला दुपारी आबासाहेबांकडे गेलो. त्यांनी माझे ऐकून घेण्याआधी चहा पाजला, आणि चहा संपल्यावर सामानाची यादी हातात ठेवली.

मंगळवार, ३१ जानेवारी. सोलापूर.

पोचलो. एस.टी.त जोंधळ्याचे पोते पायांत धरून बसलो होतो. हा जोंधळा मुठीचा आहे. आमच्या मंडळीतल्या बायका दळण काढताना एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकतात, ती देवाची. सगळ्या घरांची मडकी गुरुजींसाठी रिकामी झाली. शिवाय शेंगा, गूळ, आणि रोख साठ रुपये. यादीत शेवटी "काठी" असे होते, ती मी इथे स्टँडजवळ घेतली. चांगली बोरीची आहे, मूठ वाकवलेली.

गुरुजी पाच्छा पेठेत एका वाड्यातल्या एका खोलीत राहतात. अंगणाच्या तिन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत. चादरी विणतात. आवाज असा की दारात उभे राहून मी तीनदा "सलाम गुरुजी" म्हटले आणि तीनही वेळा माझे मलाच ऐकू आले नाही. शेवटी आत गेलो.

खाटेवर एक उंच, हाडकुळा, पांढऱ्या दाढीचा म्हातारा वर्तमानपत्र वाचत होता. त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितले.

"कोण?"

"शांतवन रणपिसे. मोडनिंबहून. मंडळीनं पाठवलंय, तुमची सेवा करायला."

"मी शेंगा मागवल्या होत्या."

"शेंगाही आहेत."

"मग बस." तेवढ्यात त्यांना काठी दिसली. "ही कुणाला?"

"तुम्हाला."

"काठी म्हाताऱ्यांना लागते," गुरुजी म्हणाले. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. काठी मी खुंटीला टांगली.

शनिवार, ४ फेब्रुवारी.

गुरुजींना मुळीच चालता येत नाही. संडास अंगणापलीकडे आहे. सकाळी मी त्यांना पाठुंगळी घेऊन जातो आणि आणतो. पहिल्या दिवशी सगळे मागवाले बघायला उभे राहिले. शेजारच्या खोलीत अक्कम्मा राहते. तिच्या घरचे तीन माग आहेत, ती मागाच्या कांड्यांवर सूत भरते. तेलुगू बाई, पण मराठी धडाधड बोलते, आणि स्त्रीलिंगी-पुल्लिंगी तिला सगळे सारखेच.

"अय्यो, गुरुजी! घोडा नवीन घेतला?"

"मोडनिंबचा आहे," माझ्या कानाजवळून गुरुजी म्हणाले. "चारा कमी खातो. पण लाजतो फार."

संध्याकाळी माग थांबले की अक्कम्मा आणि आणखी पाच बायका पाट्या घेऊन येतात. गुरुजी त्यांना वाचायला शिकवतात. फी नाही. पाय मोडल्यावर महिनाभर वर्ग बंद होता, मग ह्या बायकांनीच खाट भिंतीपासून ओढून फळ्याकडे तोंड करून ठेवली आणि म्हणाल्या, आता शिकवा. आत्तापर्यंत गुरुजींचे खाणेपिणेही ह्यांच्यावरच चालले होते.

मी वेळापत्रक करून भिंतीला लावले. पाणी, औषध, दूध, तेल चोळणे, वर्तमानपत्र, प्रार्थना. प्रार्थनेत मी रोज खिडकीचा विषय काढतो. देवाने मला खरोखर उभे केले, की मी नुसता उठलो? अजून उत्तर नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी.

डॉक्टर येऊन गेले. त्यांनी पाय दाबून, वाकवून बघितला. म्हणाले, "हाड केव्हाच जुळलंय. उभे राहा आता."

आम्ही दोघांनी धरून उभे केले. गुरुजींच्या कपाळावर टपटप घाम आला. जिथे पडले होते त्या उंबऱ्याकडे त्यांनी एकदा बघितले आणि मटकन खाली बसले. "आज नको," म्हणाले. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "पायाला काही झालेलं नाही. भीती बसलीय. त्यांना करू द्या जरा." नीट ऐकू आले नाही, माग चालू होते. करू द्या म्हणजे काय करू द्या, ते विचारायचे राहिले.

मला फार वाईट वाटले. त्या चेहऱ्यावर पुन्हा तसा घाम येऊ द्यायचा नाही असे ठरवले. दुपारी सगळी खोली नव्याने लावली. माठ खाटेच्या उशाशी, तांब्या माठावर, पुस्तके पायथ्याशी, तस्त खाली, चष्म्याला खिळा हाताशी. आता गुरुजींना हातसुद्धा लांब करावा लागत नाही. माझे अंथरूण मी दाराजवळ नेले, म्हणजे अडचण नको.

मंगळवार, १४ फेब्रुवारी.

गुरुजी आता काही मागत नाहीत. त्यांना तहान लागायच्या आधी पाणी पुढे येते. अंगावर चादर ओढायची असेल तर मला त्यांच्या खांद्यावरून कळते. आज त्यांनी पेन्सिल खाली टाकली आणि ती जमिनीवर पोचण्याआधी मी उचलली, असे अक्कम्मा म्हणाली. ती दारात उभी राहून बराच वेळ बघत होती.

"काय रे पोरा," ती म्हणाली, "तू गुरुजीला देव केला."

मी म्हणालो, तसं काही नाही.

"नाही कसा? खाऊ घालते, अंघोळ घालते, फूल तेवढा वाहायचा राहिला. पण आमचा देव पण वर्षातून एकदा रथात बसून बाहेर येतो. तुझा देव कधी येणार?"

कौतुकानेच म्हणाली असावी. मी आभार मानले. तिने कपाळावर हात मारला आणि कांड्या भरायला निघून गेली. ह्या लोकांची कौतुकाची रीत वेगळी आहे.

रविवार, १९ फेब्रुवारी.

आज गुरुजींना विचारले, "एपफ्रदीतानं रोममध्ये नेमकी कायकाय सेवा केली?"

"आजारी पडला."

"आणि मग?"

"बरा झाला."

"आणि?"

"परत गेला."

"एवढंच?"

"लिहिलंय तेवढं सांगितलं. आजारी पडल्याची बातमी गावाकडं पोचली म्हणून घाबरला होता, असंही लिहिलंय. तुझ्यासारखाच असणार."

माझी निराशा झाली. काहीतरी वेळापत्रक त्यानेही केले असणार, फक्त लिहिलेले नसणार. गुरुजी मात्र रंगात आले. "मी तर कधीकधी मनात चित्र काढतो. पौलाच्या हातात बेडी, आणि मांडीवर मंडळीनं पाठवलेला सेवक! डोकं चेपतोय त्याचं. कसली देणगी आली म्हणायची!" आणि खाट हलेपर्यंत हसले. मी आल्यापासून ते एवढे हसले नव्हते.

ती वेळ बरी दिसली म्हणून मी खिडकीचे सांगून टाकले. वाटले, रागावतील, परत पाठवतील. गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"मग लावलीस का खिडकी?"

"नाही. ढोलकी सुरू झाली."

"वाईट झालं. धूळ येते त्या खिडकीतनं. चाळीस वर्षं येते." थोड्या वेळाने म्हणाले, "एपफ्रदीत कशाला उठला होता, तेही लिहिलेलं नाही."

मी आजारी पडायचे नाही असे ठरवले आहे. सकाळी तुळशीचा काढा, संध्याकाळी मिठाच्या गुळण्या.

गुरुवार, २ मार्च.

वाईट बातमी. गुरुजींची भाची करुणाताई पुण्याला मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. तिचा निरोप आला. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, ती येणार आहे. तिकडे एका वृद्धाश्रमात तिने जागा धरून ठेवली आहे. मामा स्वतःच्या पायाने अंगणातल्या नळापर्यंत गेले तर राहू देईन, नाहीतर त्याच गाडीने घेऊन जाणार.

गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "तिथं माग असतील का रे?"

"नसतील. शांत असेल."

"मला ह्या आवाजाशिवाय झोप लागत नाही."

संध्याकाळी बायका आल्या. गुरुजींनी धडा दिला, पण दोन बायकांच्या चुका त्यांनी दाखवल्याच नाहीत. असे कधी होत नाही. अक्कम्मा जाताना त्यांच्या पायाकडे बघून गेली. पाय बारीक झाला आहे, मीही बघतो. तेल दोनाऐवजी तीनदा चोळायला सुरुवात केली. याहून जास्त काय करावे, मला सुचत नाही. माझ्याकडून काहीच कमी पडू देत नाही, तरी माणूस दिवसेंदिवस खाटेत खोल खोल जातो आहे.

मंगळवार, ७ मार्च.

सकाळपासून अंगात कसकस आहे. कोणाला सांगितलेले नाही. गुरुजींना घेऊन अंगण ओलांडताना मध्येच गुडघे वाकले आणि मी त्यांच्यासकट हळूच खाली बसलो. लागले कोणालाच नाही.

"बैल बसला," गुरुजी वरून म्हणाले. मग माझ्या मानेला हात लावून म्हणाले, "अरे, हा तर तापलाय!"

मी म्हणालो, ऊन आहे. तेव्हा पुरते उजाडलेही नव्हते.

बुधवार

थंडी वाजते. दोन चादरी घेतल्या. गुरुजींचे दूध राहिले. आईला कळता कामा नये. हात हलतो म्हणून अक्षर

शुक्रवार, १७ मार्च.

वही आज हातात धरता आली. हिवताप होता. डॉक्टर कडू गोळ्या देऊन गेले, त्या अजून जिभेवर आहेत. वरचे अक्षर फार वाईट आले आहे, पण खोडत नाही.

आठ दिवसांचे मला तुकडे तुकडे आठवते. तहान लागायची, मी हाक मारायचो, आणि कोणीतरी डोके उचलून पाणी पाजायचे. आज अक्कम्माचे आभार मानायला गेलो.

"दुपारी मी कुठला आला? दुपारी मी कांड्यावर. सकाळ-संध्याकाळ जेवण तेवढा दिला, आणि गुरुजीला अंगणापलीकडे माझा मोठा पोरगा न्यायचा."

मग दुपारी पाणी कोणी दिले? माठ गुरुजींच्या उशाशी, मी दाराजवळ, आणि मध्ये अख्खी खोली. गुरुजींना विचारले, तर म्हणाले, "तांब्याला पाय फुटले होते." ते सांगायचे नाही म्हणजे सांगत नाहीत.

आणखी एक. खाटेपासून दारापर्यंत भिंतीच्या चुन्यावर हातांचे काळे ठसे उमटले आहेत, ओळीने. घरमालक बघेल तर चुन्याचे पैसे मागेल. अक्कम्माच्या पोरांचे असतील म्हणावे तर फार उंचावर आहेत. ओल्या फडक्याने पुसायला गेलो तर गुरुजी एवढ्या जोराने "राहू दे!" म्हणाले की मी दचकलो.

शनिवार, १८ मार्च.

हे नीट लिहिले पाहिजे.

सकाळी जाग आली ती स्टोच्या आवाजाने. गुरुजी स्टोपाशी उभे होते. उभे! एक हात भिंतीवर, एका हाताने पेज ढवळत होते. मी किंचाळलो, "गुरुजी, पडाल!" आणि अंथरुणातून धडपडत उठलो.

"खाली पड!" गुरुजी ओरडले. "तू उठलास की मी बसतो. गपचूप पडून राहा."

मी पडून राहिलो. ते वाटी घेऊन भिंतीला धरून धरून आले. येताना एक पाय जरा ओढत होते, पण आले. पेज थोडी खारट होती. मी सगळी संपवली.

बाकीचे मला अक्कम्माने दुपारी सांगितले. आधी तिला गुरुजींनी शपथ घातली होती, पण मी पाहिल्यावर शपथ सुटली असे तिचे म्हणणे. माझ्या तापाच्या तिसऱ्या दिवशी मी दुपारी "आई, पाणी" म्हणून ओरडत होतो. गुरुजींनी हाका मारमारून घसा बसवला, पण सगळे माग चालू, कोणाला काय ऐकू येणार! मग मध्येच वीज गेली. माग थांबले. अक्कम्मा अंग मोकळे करायला बाहेर आली, आणि दारातून तिला दिसले की गुरुजी भिंतीला चिकटून खोलीच्या मधोमध उभे आहेत. हातात तांब्या. निम्मे पाणी जमिनीवर, घाम सगळा अंगावर.

"मग तू आत जाऊन धरलंस ना त्यांना?"

"नाही."

"का?"

"मी हात दिला असता तर तो हात धरून परत खाटेवर गेला असता. मी दाराआड उभा राहिला, तोंडात पदर घालून. तो तुझ्यापर्यंत गेला, तुला पाजला, आणि तिथेच तुझ्या उशाशी बसून लहान पोरासारखा हसला. मग वीज आली."

तिने धरायला हवे होते. पडले असते तर? मी तिथे असतो तर नक्कीच धरले असते. हे मी तिला म्हणालोसुद्धा. अक्कम्मा म्हणाली, "म्हणून तर." आणि निघून गेली. विचार करतो आहे.

सोमवार, २० मार्च.

व्हायचे तेच झाले. अक्कम्माच्या नवऱ्याने मोडनिंबच्या कंडक्टरला सांगितले, कंडक्टरने गावाला. आज दुपारी आबासाहेब आणि आई दारात! आईने चालू मागांच्या वरताण रडून घेतले. मी चादर पांघरून भिंतीला टेकून बसलो होतो, आणि गुरुजी कपबशी घेऊन येत होते.

आबासाहेब दारातच थबकले. एकदा माझ्याकडे, एकदा गुरुजींकडे. "आरं, हितं कोण कुणाची चाकरी करतंय?"

मला जमीन पोटात घेईल तर बरे असे झाले. मंडळीने मुठीमुठीने गोळा करून पाठवले, आणि मी हे असे!

"बसा आबासाहेब," गुरुजी म्हणाले, "चहा घ्या. माणूस फार चांगला पाठवलात."

"चांगला? ह्यो तर आडवा झालाय की!"

"तेच तर. उभा होता तोवर मी आडवा होतो. पुढच्या खेपेलाही असाच नाजूक बघून पाठवा."

आबासाहेब गडगडाटी हसले. आई माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "निम्मा झालास की रं." माझे मात्र हसू गोठले. गुरुजी दयाळू आहेत, चेष्टेवारी नेतात. पण खरे ते खरे. मला आई आपल्यासोबत न्यायला निघाली होती, गुरुजींनीच अडवले. "सत्तावीसपर्यंत राहू द्या. मला ह्याची गरज आहे." कशाला, ते कळत नाही. मी काही करायला उठलो की ते डोळे वटारतात.

सोमवार, २७ मार्च.

गुरुजींनी दाढी नीट कातरून घेतली. ठरले असे की करुणाताई आल्या की गुरुजींनी नळापर्यंत जाऊन दाखवायचे, आणि मी मध्ये पडायचे नाही. काल ईस्टर असून उपासनेत माझे लक्ष नव्हते. काल दुपारी तालीम केली होती. तेव्हा उंबऱ्याशी येऊन गुरुजी थांबले, आणि तिथून परत फिरले. खोलीत चालतात, पण तो उंबरा ओलांडत नाहीत. त्याच उंबऱ्यावर ते पडले होते. रात्रभर त्यांनी कूस बदलली नाही, म्हणजे झोपले नसणार.

साडेदहाला अंघोळ उरकून आत आलो तर खाट रिकामी. खोली रिकामी. मी ओरडणार तेवढ्यात करुणाताईच दारात. पांढरी साडी, हातात पिशवी, कपाळाला आठी. मी काठी टेकवत, चादर लपेटून उभा. (पायांत अजून जोर नाही, म्हणून तीन दिवसांपासून खुंटीवरची काठी मी घेतो.)

"मामा कुठे आहेत?"

"होते इथेच."

"होते? चालता न येणारा माणूस गेला कुठे? आणि तुम्ही कोण? पेशंट की मदतनीस?"

"मंडळीनं पाठवलेला," मी म्हणालो. दुसरे काही सुचलेच नाही.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझीच नाडी धरली. तेवढ्यात एक माग थांबला. मग दुसरा. मग सगळे. वीज गेली म्हणून मी वर बघितले तर दिवा चालूच होता. मागवाल्यांनी आपणहून बंद केले होते. अंगणातून, नळाच्याही पलीकडून, वाड्याच्या मोठ्या दारातून कुंडलिक गुरुजी येत होते. हाताला भिंत नाही, खांदा नाही. एका हातात जिलेबीचा पुडा. सावकाश, पाय जरासा ओढत. अक्कम्मा तिच्या दारात तोंडात पदर घालून उभी होती. मी पुढे धावायला निघालो आणि तिने माझ्याकडे असे बघितले की मी काठी घट्ट धरून जागच्या जागी राहिलो. माझ्या आयुष्यात एवढे अवघड काम मी केलेले नाही.

गुरुजी उंबऱ्याशी आले. थांबले. मला वाटले, संपले. त्यांनी पुडा ह्या हातातून त्या हातात घेतला आणि पाय उचलून आत टाकला.

"गरम आहे, खा," ते भाचीला म्हणाले. "कोपऱ्यावरच्याकडं रांग होती, म्हणून उशीर झाला."

करुणाताईंनी त्यांना बसवून पाय दाबून बघितला, चालवून बघितले, रागावल्या, डोळे पुसले, पुन्हा रागावल्या. "आणि एकटे असताना पडलात तर?"

अक्कम्मा दारातून म्हणाली, "भिंत एकच हाय ताई. त्यांनी तांब्या भिंतीवर आपटायचा. त्याचा ठोका मागाच्या ठोक्यात मिसळत नाही. काल आम्ही सगळ्या बायांनी ऐकून बघितला."

"दिवाळीपर्यंत बघते," करुणाताई शेवटी म्हणाल्या.

"दिवाळीला ये की," गुरुजी म्हणाले. "फराळ देईन. खोली देणार नाही."

बुधवार, २९ मार्च.

निघालो. गुरुजी स्टँडपर्यंत पोचवायला आले. नको म्हटले तरी आले. रस्त्याने मी काठी टेकत, आणि ते मोकळ्या हाताने. मला दम लागला की ते दुकानांच्या पाट्या वाचत थांबायचे. एका रिक्षावाल्याने विचारले, "आजोबा, नातवाला दवाखान्यात नेता का?" गुरुजी म्हणाले, "नाही, परत आणतोय."

गाडीत बसल्यावर मी खिडकीतून काठी त्यांच्या हातात देऊ लागलो. त्यांनी ती परत आत ढकलली. "म्हाताऱ्याला राहू दे," म्हणाले.

वेळापत्रक मी भिंतीवरून काढून आणले आहे. हातांचे ठसे मात्र पुसायचे नाहीत असे अक्कम्माने घरमालकाला बजावले आहे.

रविवार, २ एप्रिल. मोडनिंब.

आज उपासनेनंतर आबासाहेबांनी मला उभे केले आणि सोलापूरची हकिकत सांगायला लावली. रात्रभर बसून मनात जुळवणी केली होती. काय काय राहून गेले, काय उलटे झाले, माफी कशी मागायची. सगळ्या मंडळीकडे बघितले आणि एकही शब्द आठवेना. शेवटी म्हणालो, "मी गेलो. आजारी पडलो. बरा झालो. परत आलो."

याहून जास्त सांगण्यासारखे मला सापडले नाही म्हणून खाली बसलो. मग आबासाहेबांनी डोळे मिटले आणि "आमेन" म्हणाले, आणि बायकांतल्या रंभाबाई पदर डोळ्याला लावून हसायला लागल्या. का, ते मला कळले नाही.

तेवढ्यात वारा आला आणि खिडकी आपटली. मी उठायला गेलो तर आईने मागून सदरा धरला. "बस खाली! आता कुटं जायचंय अजून?" सगळी मंडळी हसली. आबासाहेब स्वतः उठले आणि त्यांनी सुतळी बांधली. चुकीची गाठ मारली आहे. उद्या जाऊन नीट करीन.

हिशेब. मंडळीकडून मिळाले रु. ६०.००.
एस.टी., जाऊन येऊन ७.६०. रॉकेल ६.४०. डाळ, तेल, मीठ, भाजी १९.५०. गुरुजींचे दूध ११.२०. माझे डॉक्टर व गोळ्या ७.५०. काठी ४.५०. एकूण खर्च ५६.७०. शिल्लक ३.३० आबासाहेबांकडे परत केली.

माझ्याकडून येणे: डॉक्टर व गोळ्या ७.५०. आबासाहेब म्हणतात, हे मंडळी सोसेल. मी नको म्हणालो, ते चिडले, म्हणून सोडले.
गुरुजींना देणे: पाणी आणि पेज. दर ठाऊक नाही.
काठी रु. ४.५०: गुरुजींसाठी घेतली, वापरली मी. ती माझ्या नावे.